गोणीपासून कंटेनरपर्यंत : हिंगोलीच्या मालाचा समुद्रमार्ग

व्यापाराचा इतिहास बहुधा बंदरांच्या बाजूने लिहिला जातो. जहाजे कोठून आली, कोणत्या धक्क्यास लागली, किती माल उतरला व किती चढला, याची नोंद बंदरावर होत असल्यामुळे इतिहासकाराचे लक्षही साहजिकच तिकडे वळते. परंतु जो माल बंदरावर दिसतो, तो बंदरात पिकत नाही. तो कोठे तरी आत, समुद्रापासून शेकडो मैलांवर, काळ्या जमिनीत पिकलेला असतो. आणि तेथून किनाऱ्यापर्यंत येईतो त्याचे वेष्टन, त्याचे माप, त्याचा धनी आणि पुष्कळदा त्याचे नावही बदललेले असते. प्रस्तुत निबंधाचा विषय हे बदल हा आहे. त्यासाठी निवडलेला प्रदेश म्हणजे आजचा हिंगोली जिल्हा होय. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाला स्वतःचा समुद्रकिनारा नव्हता. हिंगोलीच्या मालाला समुद्र गाठावयाचा तर दुसऱ्याच्या राज्यातून जाणे भाग होते. पुढील सर्व इतिहासाची ही पार्श्वभूमी आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण या विषयात शब्द हे कागदपत्रांहून जुने साक्षीदार आहेत. ज्यात माल भरून न्यावयाचा त्या साधनाला मराठीत 'गोण' किंवा 'गोणी' म्हणतात. हा शब्द पाणिनीच्या काळाइतका जुना आहे. अष्टाध्यायीत 'गोणी' हे स्त्रीलिंगी रूप 'आवपन' या अर्थी, म्हणजे ज्यात धान्यादी पदार्थ ओतून भरावयाचे अशा साधनाच्या अर्थी, सिद्ध केलेले आहे. तागाच्या पोत्यासाठी इंग्रजीत रूढ असलेला 'गनी' हा शब्द याच शब्दापासून झालेला आहे. माल परदेशी गेला, तेव्हा पिशवीचे नावही त्याच्याबरोबर गेले. दुसरा शब्द 'बारदान'. तो फारसी असून 'बार' म्हणजे ओझे आणि 'दान' म्हणजे धारण करणारे, असा त्याचा विग्रह होतो. 'कंटेनर' या शब्दाचा याहून नेमका प्रतिशब्द शोधू गेल्यास सापडणे कठीण. मात्र मोंढ्यातील भाषेत 'बारदाना'चा अर्थ आता संकोचला असून रिकामे पोते आणि तोलातून वजा करावयाचे त्याचे वजन एवढाच तो उरला आहे. जे माल धारण करते त्याची किंमत मालातून कापली जावी, हा व्यवहार त्या एका शब्दात गोठून राहिला आहे. तिसरा शब्द 'लमाण'. त्याची व्युत्पत्ती सामान्यतः 'लवण' या शब्दाशी जोडली जाते, व ती ग्राह्य मानावयास हरकत नाही. कारण बंजाऱ्यांचे तांडे किनाऱ्यावरील मीठ घाटावर आणीत आणि परतताना धान्य नेत. सेनगाव, औंढा व कळमनुरी या तालुक्यांतील आजच्या तांड्यांतून मराठीहून वेगळी, राजस्थानी बोलींशी नाते सांगणारी गोरबोली ऐकू येते. समुद्र न पाहिलेल्या गावात समुद्राचे मीठ घेऊन येणाऱ्यांची ती भाषा आहे.

बैलाच्या पाठीवरील गोण हे वाहतुकीचे मूळ परिमाण होते. एका बैलाचे ओझे ढोबळ मानाने दोनशे चाळीस पौंड धरीत. गोणीला दोन तोंडे, दोन्ही बाजूंस सारखा भार. मुक्कामाच्या जागी ती उतरावयाची आणि पहाटे पुन्हा लादावयाची. म्हणजे हिंगोलीहून मुंबईपर्यंत एकच गोण कितीदा भुईवर टेकत असेल याचा हिशेब करणे सोपे नाही. पावसाळ्यात हा मार्ग बंद पडे. भिजलेला कापूस वजनाला वाढे आणि गुणाला उतरे; आणि हे दोन्ही ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापैकी काहींना मुद्दाम भिजविण्याचा मोह होई.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंगोलीला जे महत्त्व आले ते कापसामुळे नव्हे, छावणीमुळे. निजामाच्या कंटिंजंट फौजेची एक छावणी येथे होती. इंग्रज अंमलदार, त्यांचे कुटुंबकबिले आणि पगारी शिपाई एका ठिकाणी आले म्हणजे बाजार उभा राहतो, आणि त्या बाजाराला विलायती कापड व इतर जिन्नस लागतात. तेव्हा समुद्राशी हिंगोलीचा पहिला नियमित व्यापारी संबंध निर्यातीचा नसून आयातीचा होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. या संबंधाचा एक विलक्षण पुरावा फिलिप मेडोज टेलर याच्या १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत आढळतो. टेलर निजामाच्या नोकरीत होता आणि हिंगोली त्याच्या माहितीची होती. तो सांगतो की, हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीत राहत असे व खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. या हरिसिंगाने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. ते कापड वाटेवर आहे आणि त्याचा खरा मालक हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने मालक, त्याचे नोकर व बैलवाले यांना मारले, हाती असलेल्या परवान्यावर माल हिंगोलीस आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्यानेच कबुली दिली, म्हणून ही गोष्ट उघड झाली.

ठगांविषयीच्या या सर्व साहित्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. कैद्यांनी अंमलदारांपुढे दिलेल्या कबुल्या हा त्याचा पाया आहे, आणि कबुली देणाऱ्याला माफीची आशा होती. घटनेचा तपशील किती विश्वसनीय मानावा याविषयी मतभेद संभवतात. परंतु त्या कथेतील एक गोष्ट संशयातीत आहे व तीच येथे महत्त्वाची आहे. परवान्यावर जिन्नस लिहिलेला होता, वाहणाऱ्याचे नाव लिहिलेले होते, आणि नाक्यावरील शिपायाला तेवढे पुरेसे होते. गोणीतील कापड ज्याचे आहे तोच कागदावर आहे काय, हे विचारण्याची सोय कागदात नव्हती. माल आणि कागद यांचे नाते वरवर सरळ दिसते. पण ते जुळविणारा माणूस मधे असतो, आणि तो कोण यावर सर्व काही अवलंबून असते.

निर्यातीचा आरंभ याच सुमारास शेजारच्या वऱ्हाडात झाला. विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ साली वऱ्हाडातून मुंबईस लक्षणीय प्रमाणात कापूस धाडला. तो सुमारे पाचशे बैलांचे ओझे होता. तत्पूर्वी या प्रदेशाचा कापूस मुख्यतः उत्तरेकडे मिर्झापूरच्या बाजूस जात असे. पश्चिमेकडे वळलेला हा प्रवाह पुढे मागे फिरला नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले व हिंगोली निजामाकडे राहिली. पैनगंगेच्या परिसरात एक सरहद्द उभी राहिली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसावर विसंबावे लागले, भाव कल्पनेबाहेर चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. तिचा विस्तार येथे नको. हिंगोलीच्या दृष्टीने त्याहून टिकाऊ घटना ही की, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नागपूर शाखा १८६७ मध्ये पूर्ण झाली आणि अकोला हे रेल्वेचे गाव बनले. तेव्हापासून हिंगोलीचा कापूस वाशीममार्गे गाड्यांवरून अकोल्यास जाऊ लागला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई व युरोप यांमधील सागरी अंतरही कमी झाले.

या मार्गावर मालाला दोन अडथळे होते. पहिला जकातीचा. १८०२ च्या व्यापारी तहान्वये इंग्रज कंपनी आणि निजाम यांच्या मुलखांतून जाणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात ठरली होती. त्याच तहाने निजामाला मच्छलीपट्टणच्या बंदराचा उपयोग करण्याची मुभाही दिली होती, पण तिचा हिंगोलीला काडीचाही उपयोग नव्हता, कारण ते बंदर दुसऱ्या समुद्रावर होते. हैदराबाद संस्थानातील या जकात खात्याला 'करोडगिरी' असे भारदस्त नाव होते. दुसरा अडथळा नाण्याचा. संस्थानात 'हाली' रुपया चाले, मुंबईत 'कलदार'. सात हाली म्हणजे ढोबळ मानाने सहा कलदार. शेतकऱ्याच्या हाती हाली पडे, कापसाचा भाव कलदारात ठरे, आणि मधला बट्टा कोणाच्या पदरात पडे हे सांगावयास नको. संस्थानाला बंदराची उणीव अखेरपर्यंत सलत राहिली. १९४७-४८ मध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरासाठी पोर्तुगिजांशी बोलणी चालली होती, ती याच कारणाने.

पुढे निजाम संस्थानाची हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत पोहोचली व तिच्यापासून फुटणारी पूर्णा-हिंगोली शाखा १९१२ च्या सुमारास सुरू झाली. वसमत याच शाखेवर आहे. आता सरकी काढण्याचे व गाठी दाबण्याचे कारखाने रेल्वेच्या आधाराने आतल्या गावांत उभे राहू शकत होते. याचे कारण शुद्ध आर्थिक होते. कापूस हलका आणि फुगीर. जहाजाला त्याचे वजन जड होत नाही, जागा जड होते, म्हणून भाडे आकारमानावर पडते. पूर्वी आत सैल दाबलेले बोजे बांधून ते मुंबईस कुलाब्याच्या प्रेसमध्ये पुन्हा दाबीत. ते काम उगमाकडे सरकले, तेव्हा एक दाबणी आणि एक वेष्टन वाचले. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची व गाठ तिच्या निम्मी, ३९२ पौंडांची, असे माप रूढ झाले. मेट्रिक पद्धतीतील आजची १७० किलोंची गाठ व सुमारे ३५६ किलोंची खंडी यांचे जवळजवळ आकडे त्या जुन्या मापांचेच वंशज आहेत.

परंतु ही रेल्वे मीटरगेज होती आणि मनमादला ब्रॉडगेज सुरू होई. हिंगोलीस डब्यात चढलेली प्रत्येक गाठ मनमाडला हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात जाई. रुळांच्या रुंदीतील हा फरक मराठवाड्याला जवळजवळ एक शतक भोवला. औरंगाबाद-परभणी मार्गाचे रुंदीकरण १९९० नंतरच्या दशकात झाले. पूर्णा-हिंगोली-अकोला मार्ग ब्रॉडगेज व्हावयास २००८ साल उजाडले. तोपर्यंत मालवाहतुकीची सवय मालमोटारींना लागून गेली होती, आणि सवय रुळांपेक्षा चिवट असते.

गाठींच्या युगात मालाच्या नावाचे काय झाले, हा या विषयातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाड, खानदेश आणि लगतच्या प्रदेशाचा कापूस 'उमरा' या नावाने ओळखला जाई. 'उमरा' म्हणजे उमरावती, अर्थात अमरावती. ज्या बाजारात माल एकत्र होतो त्याचे नाव त्या मालाला चिकटते. ज्या गावी तो पिकतो त्याचे नाव पुसले जाते. मराठवाड्याच्या देशी लांब धाग्याच्या कापसाला मात्र 'गावराणी' हे नाव टिकवून धरता आले, आणि मुंबईच्या बाजारात 'हैदराबाद गावराणी' अशी त्याची स्वतंत्र ओळख होती. भाषेच्या दृष्टीने हे नाव मौजेचे आहे. 'गावराणी' म्हणजे गावचे, स्थानिक. प्रत्येक गावाला आपले ते गावराणी. पण ते स्थानिकत्वाचे सामान्यनाम बाजारात गेल्यावर एका विशिष्ट प्रदेशाच्या मालाचे विशेषनाम झाले.

नाव आले की नावाची चोरीही येते. आखूड धाग्याचा कापूस लांब धाग्याच्या प्रदेशात नेऊन तेथील गाठींत मिसळावयाचा आणि तेथील भाव घ्यावयाचा, हा धंदा इतका बोकाळला की मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध १८२९ व १८६३ असे दोनदा कायदे करावे लागले. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने संरक्षित प्रदेशात बाहेरचा कापूस आणण्यास प्रतिबंध करता येऊ लागला, आणि १९२५ च्या कारखाने कायद्याने प्रत्येक गाठीवर ती दाबणाऱ्या प्रेसचे चिन्ह व अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. ब्रिटिश हिंदुस्थानातील हा शेवटचा कायदा वरवर क्षुल्लक वाटतो. वस्तुतः परवान्याच्या युगातून बाहेर पडण्याचे ते पहिले पाऊल होते. आता खूण कागदावर नव्हती, मालावर होती. गाठ लिव्हरपूलला फोडल्यावर आत दगड निघाला, तर तो कोणत्या प्रेसमधून आला हे विचारता येत होते. शेतकऱ्यापर्यंत मात्र ती खूण पोहोचत नव्हती. प्रेसपर्यंत येऊन ती थांबे.

शेतकरी व प्रेस यांच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे मोंढ्यात, काय होत असे याचे वर्णन मराठी शब्दांनीच करावे : आडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय. यांपैकी प्रत्येक शब्द एका वजावटीचे नाव आहे. भाव ठरे तो रुमालाखाली, दलाल व खरीददार यांच्या बोटांच्या स्पर्शाने. ही एक पूर्ण सांकेतिक भाषा होती. तिला अंक होते, अपूर्णांक होते, फक्त मालाच्या धन्याला ती येत नव्हती. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने आणि हैदराबाद संस्थानात १९३० च्या कृषिबाजार कायद्याने हे व्यवहार नियमनाखाली आणण्याचा प्रयत्न झाला. महाराष्ट्रातील सर्व बाजारांसाठी १९६३ चा कायदा पुढे झाला.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेच्या न्यूअर्क बंदरातून 'आयडियल-एक्स' हे जहाज अठ्ठावन्न पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले. मालमोटारींच्या धंद्यातील माल्कम मॅक्लीन याची ती कल्पना होती : माल न हलवता मालाची पेटीच हलवावयाची. कल्पनेत नवीन असे फारसे नव्हते, नवीन होती ती शिस्त. १९६० नंतरच्या दशकात पेट्यांची लांबी वीस व चाळीस फूट अशी आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरली, कोपऱ्यांतील लोखंडी खोबणी सारख्या झाल्या, आणि एका देशाची पेटी दुसऱ्या देशाच्या यारीत बसू लागली. भारतात पहिला कंटेनर १९७३ मध्ये कोचीन बंदरात उतरला. बेंगळूरला १९८१ मध्ये समुद्रापासून दूर असे पहिले कंटेनर आगार निघाले. कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी १९८८ मध्ये स्थापन झाली. आणि २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्या बंदराच्या परिसरातील जमीन सहज मिळालेली नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा मृत्यू झाला. आतल्या मालाला समुद्राकडे जाण्याची जी वाट मोकळी झाली, ती किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या मिठागरांवरून व भातखाचरांवरून गेली आहे, हे निर्यातीच्या आकड्यांत दिसत नाही.

धक्क्यावरील श्रमाचेही तसेच. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने ज्यांना नोंदणीचे संरक्षण मिळाले, त्या कामगारांची गरज पेटीने झपाट्याने कमी केली. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने 'माथाडी' हा शब्द विधिग्रंथात आणला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. पेटी कोणाच्याही माथ्यावर बसत नाही. तथापि हिंगोली व वसमतच्या बाजारात पोते आजही माणसाच्या पाठीवरूनच मालमोटारीत चढते. यंत्राने श्रम नाहीसे केले असे म्हणण्यापेक्षा त्याने ते किनाऱ्यावरून उचलून आत ढकलले, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

कंटेनराच्या अंगावरील लेख हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. चार रोमन अक्षरे, सहा अंक आणि चौकटीतील एक सातवा अंक. पहिली तीन अक्षरे मालकाची. ती पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय कचेरीत नोंदलेली असतात. चौथे अक्षर प्रकाराचे, मालवाहू पेटीसाठी ते 'यू' असते. शेवटचा अंक पडताळ्याचा : आधीच्या सर्व चिन्हांवर ठरीव गणित केले म्हणजे तो निघतो, आणि नकलताना एखादे अक्षर चुकले तर बहुधा तो जुळत नाही. स्वतःच्या शुद्धलेखनाची परीक्षा स्वतःच घेणारा असा शब्द कोणत्याही नैसर्गिक भाषेत नाही. पण या शब्दात पेटीचे नाव आहे, मालाचे नाही.

मालाचे नाव बिल ऑफ लेडिंग या कागदावर असते, आणि ते कशा रूपात असते हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी जहाजाचा अधिकारी धक्क्यावर गाठी मोजून घेई, फाटलेली गाठ दिसली तर तसा शेरा मारी. बंद पेटी त्याला उघडता येत नाही. म्हणून तो लिहितो की, या पेटीत अमुक माल 'असल्याचे सांगितले जाते'. आणि पुढे जोडतो की, माल पाठविणाऱ्यानेच भरला, रचला व मोजला आहे. मराठीत या अर्थासाठी एक छोटे अव्यय आहे : 'म्हणे'. 'पेटीत हळद आहे' आणि 'पेटीत हळद आहे म्हणे' या दोन वाक्यांत वस्तुस्थितीचा फरक नाही, जबाबदारीचा आहे. बोलणारा आपल्या विधानामागे उभा राहावयाचे नाकारतो. आंतरराष्ट्रीय सागरी व्यापाराचा फार मोठा भाग या 'म्हणे'वर चालतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. हरिसिंगाच्या परवान्यापेक्षा हा कागद प्रामाणिक आहे, तो एवढ्याचसाठी की आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याचा आव तो आणीत नाही. वजनापुरता हा 'म्हणे' अलीकडे काढून टाकण्यात आला आहे. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या पेटीचे पडताळलेले वजन कळविल्याखेरीज ती जहाजावर चढविता येत नाही. आतील वस्तूविषयी मात्र साक्ष पाठविणाऱ्याचीच.

येथे हळदीचा विचार करणे प्राप्त होते, कारण आजच्या हिंगोली जिल्ह्याची बाजारातील ओळख कापसापेक्षा हळदीने होते. हळद काढल्यानंतर लगेच विकता येत नाही. ती शिजवावी लागते, उन्हात वाळवावी लागते, घासून चकाकी आणावी लागते. तिच्या भागांची नावे शेतकरी काटेकोरपणे वेगळी ठेवतो : जेठा गड्डा, बगल गड्डा, हळकुंड, सोरा गड्डा, बेणे कोणते, बाजाराचा माल कोणता आणि दुय्यम कोणता हे त्या नावांतच ठरलेले असते. या शब्दसंपत्तीपैकी काहीही समुद्रापर्यंत पोहोचत नाही. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हळदीला ०९१०३० हा क्रमांक आहे, आणि जेठ्या गड्ड्यापासून दळलेल्या भुकटीपर्यंत सर्व काही त्यात बसते.

वसमत, हिंगोली या बाजारांचा जम बसण्यापूर्वी, आणि काही प्रमाणात त्यानंतरही, येथील हळद सांगलीस जात असे. सांगलीजवळ हरिपूरच्या जमिनीतील पेवांत ती वर्षानुवर्षे साठविली जाई. २००५ च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. 'उमरा' नावाच्या बाबतीत जे घडले त्याची ही वेगळ्या पिकातील आवृत्ती होय. फरक इतकाच की, आता नावाला कायद्याचे कुंपण आहे, त्यामुळे वसमतच्या हळदीला सांगलीच्या नावाखाली जाता येत नाही आणि स्वतःचे नाव तर हवे. हळदीच्या संदर्भात लेखी पुराव्याचे महत्त्व त्यापूर्वीच एकदा दिसून आले होते. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ मध्ये देण्यात आले, ते भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. कोट्यवधी घरांत रोज घडणारी गोष्ट तेथे पुरावा म्हणून चालली नाही. जुने ग्रंथ व छापील शोधनिबंध दाखवावे लागले.

व्यवहारात पेटी कोठे भरली जाते, हा प्रश्न यामुळे निर्णायक ठरतो. पेटी जहाज कंपनीची असते, पाठविणाऱ्याची नव्हे. तिच्या वापराचे दिवस मोजलेले असतात आणि त्यापुढे दंड पडतो. हिंगोलीस हळद भरावयाची तर रिकामी पेटी आधी नागपूर, औरंगाबाद किंवा खुद्द न्हावा-शेव्याहून आणावी लागणार. म्हणजे रिकाम्या बारदानाचे भाडे पुन्हा मालावरच. म्हणून सामान्यतः माल पोत्यांतून मालमोटारीने निर्यातदाराकडे जातो, तेथे निवडला, दळला, अनेक गावांच्या मालात मिसळला जातो, आणि मग पेटीत बंद होतो. पेटीला लागणारे मोहोरबंद कुलूप ही खरी सरहद्द आहे. त्याच्या अलीकडे मालाचे नाव बदलू शकते. पलीकडे ते गोठते. जुन्या बैलमार्गावर गोण शंभरदा भुईला टेकत होती, पण तिच्यातील माल हिंगोलीचाच राहण्याची शक्यता बरीच होती. पेटीने हाताळणी थांबविली. मिसळण थांबविली नाही, केवळ तिची जागा निश्चित केली. जालन्याजवळ कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ मध्ये झाली, आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये संपूर्ण लांबीने खुला झाला. हा मार्ग हिंगोली जिल्ह्यातून जात नसला तरी शेजारच्या वाशीम व जालना या जिल्ह्यांतून जातो. मोहोर लागण्याची जागा पूर्वेकडे किती सरकते, यावर या सोयींचे हिंगोलीपुरते मोल ठरणार आहे.

हळद पेटीत बंद झाल्यावर तिला धोका असतो तो पाण्याचा, आणि ते पाणी बाहेरचे नसते. दमट हवेत भरलेली पेटी थंड समुद्रात शिरली म्हणजे आतील बाष्प छताला जमून पोत्यांवर थेंब थेंब गळते. हळद पुरती वाळली नसेल तर तिला बुरशी धरते, आणि पलीकडच्या बंदरात सर्व पेटी नाकारली जाऊ शकते. वाळवणीच्या अंगणात दोन दिवस कमी पडल्याचा परिणाम कित्येक आठवड्यांनी परक्या देशात दिसतो. त्या वेळी हा माल कोणाच्या अंगणातला, हे कोणालाच सांगता येत नाही; नुकसान निर्यातदार सोसतो आणि पुढच्या हंगामात भावातून ते सर्व बाजारावर पसरवितो. ज्याने नीट वाळविली तोही त्यात येतो.

वसमत हळदीला भौगोलिक निर्देशांक २०२४ मध्ये मिळाला. या विषयावरील १९९९ च्या कायद्यानुसार अशी नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते. परंतु नाव वापरण्याचा अधिकार प्रदेशातील प्रत्येकाला आपोआप मिळत नाही, त्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. ज्याची नोंद झाली त्याच्या पोत्यावर 'वसमत हळद' असे छापता येते, आणि ते पोते न मिसळता पेटीपर्यंत गेले तर बिल ऑफ लेडिंगच्या वर्णनाच्या रकान्यातही ते शब्द येऊ शकतात. ज्याची झाली नाही, त्याच्या मालापुढे त्या रकान्यात 'भारतीय हळद, अमुक पोती, असल्याचे सांगितले जाते' एवढे लिहिले जाते.